पुढून पदवीधर

“रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. काजळ पसरलं की फोटोत डोळे सुजल्यासारखे दिसतात,” विजयमाला म्हणाली आणि ओठांत धरलेला चिमटा काढून तिनं पोरीच्या पाठीवर लावला.

पोरीनं हुंदका गिळला. “काकू, तीन वर्षं कशी गेली कळलंच नाही हो. आता सांगली सोडून जायचं म्हणजे...”

“हं. मान वर.”

जणू सांगलीनं हिला दत्तक घेतलं होतं आणि आता हाकलून देत होती. विजयमालेला हे सगळं पाठ होतं. निकाल लागला की आठवडाभर विश्रामबागेतल्या त्यांच्या मयूर फोटो स्टुडिओत अशा रडक्यांची रांग लागायची. एकमेकींच्या वह्यांत ‘मला विसरू नकोस’ लिहायचं, पांढऱ्या शर्टांवर सह्या घ्यायच्या, दर वर्षी याच तारखेला समोरच्या भेळेच्या गाड्यावर भेटायच्या आणाभाका घ्यायच्या. एकवीस वर्षांत त्या गाड्यावर ठरल्या तारखेला कुणी आल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. भेळवाला बिराप्पासुद्धा असल्या शपथा कानावर आल्या की कांदा चिरता चिरता हसायचा.

गाऊन एकच होता. आप्पासोंनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, धंदा सुरू केला तेव्हा कोर्टासमोरच्या शिंप्याकडून वकिलांच्या डगल्यांच्या उरलेल्या कापडाचा शिवून घेतलेला. माप असं अघळपघळ, की तालमीतला पैलवानही त्यात मावावा. अंगानं बारीक पोरगं आलं की पाठीमागं चुण्या गोळा करून कपडे वाळत घालायचे सहा चिमटे लावायचे. पुढून पदवीधर, मागून दोरीवरचं धुणं. टोपी पुठ्ठ्याची. हातात धरायची पदवी म्हणजे गेल्या सालच्या कॅलेंडरची सुरळी, तांबड्या फितीनं बांधलेली. खरी पदवी विद्यापीठाकडून यायला वर्ष लागायचं, तोवर घरच्या भिंतीला ही पुरत असे. आणि जुने महिने हातात धरून पोरं छाती अशी काढायची, की गड सर करून आली असावीत.

फोटोखालचं अक्षर मात्र विजयमालेचं. फोटो ज्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा, त्याच्या तळाला टाकानं नाव आणि पदवी लिहायचं काम तिच्याकडे होतं. प्री-डिग्रीला असताना तिला हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि कॉलेजचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या नावापुढं बी. ए. आणि बी. कॉम. लिहीत आली होती. लिहिताना मनात म्हणायची, यातल्या निम्म्यांना रजेचा अर्ज धड लिहिता यायचा नाही. हे मनातच. तोंडानं तिचा आवाज असा मऊ, की पोरं म्हणायची, काकू म्हणजे निव्वळ साखर.

या वर्षी मात्र त्या साखरेत खडा पडला होता. चातुर्मासात ती दर वर्षी नेम धरायची. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी पानावर जेवली, एकदा चार महिने रोज तेहतीस गोपद्मं काढली. परवाच्या एकादशीला देवळात पुराण सांगणारे गुरुजी बायकांना म्हणाले, “वांगं सोडून देवाला काय मिळतं? चार महिने खोटं सोडून बघा.” बायका पदर तोंडाला लावून हसल्या. विजयमाला हसली नाही. तिनं देवापुढं सुपारी ठेवली आणि नेम धरला.

नेम कठीण जाईल असं तिला वाटलं होतं. पण तो भलताच सोपा निघाला. उलट इतकी वर्षं जे गिळलं होतं ते आता देवाच्या साक्षीनं बोलता येत होतं. काल एका पोरीनं “फोटोत मी बारीक दिसेन ना?” विचारलं, तर विजयमाला शांतपणे “नाही” म्हणाली. आप्पासो आतून खोकले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, “अगं, त्यापेक्षा वांगं सोड बाई.”

रडकी पोरगी फोटो काढून गेली. विजयमालेनं गाऊन गोळा करून खिळ्याला अडकवला, तोच दारात जयराज उभा राहिला.

तिनं त्याला लगेच ओळखलं. कालच दुपारी विज्ञानाच्या मुलांचं टोळकं आलं होतं. पाच जणांनी आळीपाळीनं गाऊन घातला आणि हा बाकावर बसून राहिला होता. “जयराजराव, तुमचा फोटो ऑक्टोबरात,” असं एकजण ओरडला होता. “फिजिक्सबाईनं हात सोडला नाही त्यांचा!” सगळे खिदळले, हाही खिदळला. मग कुणीतरी त्याच्या वडिलांचा विषय काढला, तसा हा उठून उभा राहिला. पाय जुळवून, पोट आत घेऊन यानं कॅमेऱ्याला सलाम ठोकला आणि वडिलांचा आवाज काढला, “फोटू नीट काडा सायेब, पोरगं सायन्स हाय!” टोळकं हसून हसून वाकडं झालं. विजयमालेनं तेव्हाच मनात त्याची जागा ठरवून टाकली होती. तीन वर्षं सांगलीचं भडंग खाल्लं, पंख्याखाली बसून अभ्यासाचं सोंग केलं आणि शेवटी शिकला काय, तर बापाची नक्कल.

“काकू,” तो आत येऊन हळूच म्हणाला, “वडील येतायत. समोर भडंग घेतायत. मेढ्याहून आलेत मला न्यायला. गाऊनमधला फोटो काढायचाय आणि खाली तेवढं बी. एस्सी. लिहा.”

विजयमालेनं त्याच्याकडं पाहिलं. काही बोलली नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं नव्हे, असं गुरुजींनीच सांगितलं होतं.

“ऑक्टोबरच्या परीक्षेला सुटणारच आहे मी. तीन महिन्यांचा तर प्रश्न. त्यांना काय, निकाल म्हणजे काय, सीट नंबर म्हणजे काय, काही कळत नाही. साधे आहेत हो.” शेवटचं वाक्य त्यानं ओठ जरा वाकडे करून म्हटलं. ‘साधे’ हा शब्द त्यानं चप्पल दारात काढून ठेवावी तसा बाजूला ठेवला.

तेवढ्यात त्याचे वडील, केरबा रांजणे, आत आले. पांढरं धोतर, खाकी सदरा, डोक्याला फेटा, मिशा पांढऱ्या पण ताठ. एका हातात भडंगाच्या पुड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पोराची पत्र्याची ट्रंक. ट्रंक त्यांनी भिंतीला अशी लावून ठेवली, की तिच्या कडेची रेघ फरशीच्या रेघेला मिळाली.

“राम राम सायेब.”

“या पाव्हणं, बसा,” आप्पासो बाहेर येत म्हणाले. “पलटणीत होता वाटतं?”

“व्हय. अठरा वरसं. कसं वळकलं?”

“ट्रंक ठेवण्यावरनं.”

केरबा मोठ्यांदा हसले. “आमची कारभारीन म्हणती, घरात भाकरीबी लायनीत लागत्यात. बरं सायेब, फोटू आजच पायजे. परवा पुनवंला सत्यनारायेन घातलाय. समदी भावकी जेवायला हाय, मास्तर भाषान करनार हायती. आमच्या वाडीत पयला गडी हाय सायन्सचा. चौरंगाशेजारी फोटू ठेवायचा म्हन्तो.”

“बाबा, जरा हळू बोला,” जयराज पुटपुटला.

“का रं? चोरी केलीया व्हय?”

आप्पासोंनी घड्याळ पाहिलं. “रंगीत म्हणाल तर लॅबमधून यायला आठ दिवस. काळा-पांढरा दोन तासांत हातात देतो. तुमची साताऱ्याची गाडी कधी?”

“पाचाला हाय.”

“मग होतंय. चल गड्या, उभा राहा.”

विजयमालेनं खिळ्यावरचा गाऊन काढला. जयराज तिच्यापुढं पाठ करून उभा राहिला. त्याच्या मानेवर पावडरीचा थर होता आणि थराखाली घाम फुटला होता. तिनं चुण्या ओढून चिमटे लावले, जरा गरजेपेक्षा जोरात. “आं,” तो म्हणाला. टोपी चढली, हातात कॅलेंडर आलं, आप्पासोंनी त्याला स्टुलावर बसवलं आणि दोन्हीकडचे दिवे लावले. केरबा हात मागं बांधून बघत उभे होते. पोराच्या टोपीचा गोंडा डोळ्यावर येत होता, तो त्यांनी पुढं होऊन बोटानं बाजूला केला आणि पुन्हा मागं जाऊन उभे राहिले.

“अगं, पुठ्ठा लिहायला घे. तोवर शाई वाळेल,” आप्पासो कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालत म्हणाले.

विजयमाला टेबलाशी बसली. टाक दौतीत बुडवला. नाव तिनं झरझर लिहिलं. ‘जयराज केरबा रांजणे.’ मात्रेचा काटा न् अनुस्वाराचं टिंब, सगळं नेहमीसारखं जागच्या जागी. पुढं स्वल्पविराम दिला आणि टाक उचललेला तसाच राहिला.

“बी. एस्सी.,” स्टुलावरून जयराज म्हणाला. आवाज जरा चिरका निघाला.

केरबा टेबलापाशी येऊन वाकले. “आक्षर लय झ्याक हाय बाई तुमचं. छापल्यागत.” मग त्यांनी रिकाम्या जागेवर बोट धरलं, कागदाला न टेकवता. “हितं बी. एस्सी. येनार न्हवं? म्हंजी आता समदं पुरं झालं? पोरगं काय नीट सांगत न्हाई. इचारलं की म्हन्तंय, व्हय झालं. तुमच्याकडं रोज येत्यात पोरं, तुमाला म्हाईत असंल. आता काय ऱ्हायलं न्हाई न्हवं?”

काळ्या कापडातलं आप्पासोंचं डोकं स्थिर झालं.

विजयमालेनं टाक खाली ठेवला. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

“राहिलंय, भाऊ. फिजिक्सचा पेपर राहिलाय त्याचा. नापास झालाय.”

स्टूल करकरलं. केरबांचं बोट रिकाम्या जागेवर तसंच होतं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. विचारलेल्याचं उत्तर झालं होतं. पण एकवीस वर्षांचं गिळलेलं गळ्याशी आलं होतं आणि त्याला आता देवाचं दार उघडं मिळालं होतं.

“काल त्याचे मित्र इथं येऊन फोटो काढून गेले,” ती तशाच हलक्या आवाजात म्हणाली. “तेच सांगत होते. हा त्या बाकावर बसून हसत होता. मघाशी येऊन मला म्हणाला, वडलांना काही कळत नाही, तुम्ही आपलं बी. एस्सी. लिहा. काल तर तुमचा आवाज काढून दाखवला सगळ्यांना. सलाम कसा ठोकता, फोटू कसं म्हणता, सगळं. फार हसली पोरं. असली शिकतात भाऊ इथं. तुम्ही तिकडं शेतात राबायचं आणि यांनी इथं कॅलेंडर धरून बसायचं.”

“अगं ए,” आप्पासो कापडातून बाहेर आले.

जयराज उठायला गेला. पाठीचा एक चिमटा सुटून फरशीवर टणकन वाजला, गाऊनचा एक खांदा ओघळला आणि टोपी कानावर आली. त्या अवतारात तो धड उभा नाही, धड बसलेला नाही असा अडकून राहिला. कालचा सलाम ठोकणारा हाच का, असा प्रश्न पडावा. विजयमालेनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला आत कुठंतरी गारगार वाटलं. देवळात घंटा वाजवल्यावर वाटतं तसं.

केरबा सरळ झाले. मग पोराच्या मागं गेले. वाकून फरशीवरचा चिमटा उचलला. राहिलेले पाच एकेक करून सोडवले, पोराच्या अंगाला ओढ बसू न देता. गाऊन खांद्यावरून उतरवून घेतला.

“बाबा,” जयराज म्हणाला.

“गप बस. घाम पूस आदी.”

मग ते आप्पासोंकडं वळले. “सायेब, फोटू काडायचाय.”

“पाव्हणं, आता राहू द्या. पुन्हा कधी...”

“पुन्ना कवा यायचं सांगलीला? तीन वरसं ऱ्हायलंय पोरगं हितं. त्येची काय खूण नगं? हाय तसा काडा. त्या पांढऱ्या सदऱ्यावर.” मग म्हणाले, “आन् माजाबी काडा त्येच्याबरुबर. नकलंपरास आसल बरं.”

जयराजनं मान खाली घातली ती वर येईना. केरबांनी हनुवटीला बोट लावून ती वर केली, मघाशी गोंडा सारला होता तसंच. मग शेजारी उभे राहिले. सलाम ठोकला नाही. हात सरळ मांड्यांना लावले. दिवे लागले, कळ दाबली गेली.

आप्पासो फोटो धुवायला काळोख्या खोलीत गेले. जयराज दारात पाठमोरा उभा राहिला. विजयमाला टेबलाशी बसून होती. पुढं लिहिलेला पुठ्ठा, नाव आणि स्वल्पविराम. काहीतरी बोलावं म्हणून ती म्हणाली, “भाऊ, मी नेम धरलाय. खोटं बोलायचं नाही असा. म्हणून...”

“चांगला हाय नेम,” केरबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, चढउतारही नव्हता. हजेरी घेतल्यासारखा. “आमच्यातबी आया-बाया धरत्यात. पर बाई, म्या येवढंच इचारलं, पोराचं काय ऱ्हायलंय का. तुमी सांगितलासा, ऱ्हायलंय. तितवर नेम हुता. फुडचं तुमी तुमच्यासाटनं बोललासा. बोलताना तुमाला बरं वाटलं, त्ये मला दिसलं.”

विजयमालेला सुचलेलं एकही उत्तर खरं नव्हतं.

“आन् नक्कल म्हनाल,” ते म्हणाले, “तर म्याबी पलटनीत सुभेदारसायबाची करत हुतो. लय हसायची पोरं.”

“मग परवाचं जेवण?” तिनं विचारलं. का विचारलं तिलाच कळलं नाही.

“हुईल की. चूक माजीच हाय. निकालाआदी भावकीला आवतान द्यायचं म्हंजी पीक शिवारात हुबं आस्ताना खळं सारवून बसायचं. पंगत बसली की मी हुबा ऱ्हाऊन सांगनार. पोराचा एक पेपर ऱ्हायलाय, जेवा निवांत. हसनारं हसतील. त्येंचंबी जेवान गोड हुईल.”

दारात उभ्या जयराजचे खांदे हलले. तो वळला नाही.

आप्पासो ओला फोटो घेऊन आले, तो पंख्याखाली वाळवला. विजयमालेनं तो पुठ्ठ्यावर चिकटवला. एक पोरगं भेदरलेलं, एक बाप सरळ. खाली नाव, स्वल्पविराम आणि पुढं रिकामी जागा.

“पुढं काय लिहू?” तिनं केरबांना विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिनं पहिल्यांदाच विचारला असेल.

“कायबी नगं. नाव हाय तेवढं बास. नावाला कुटला पेपर लागत न्हाई.”

“स्वल्पविराम पडलाय.”

“पडू द्या. ऱ्हायलंय म्हना काय तरी फुडं.” ते पहिल्यांदाच जरा हसले. मग दाराकडं वळून म्हणाले, “जयराज, हिकडं ये. बाईंच्या पाया पड.”

“नको नको,” विजयमाला उठली.

“पड. मोट्या हायती. आन् खरं सांगितलं त्यांनी, तुज्यापरास आदी.”

जयराज आला. डोळे तांबडे होते. तो वाकला, त्याचे थंडगार हात तिच्या पायाला लागले. ‘यशस्वी हो’ हे शब्द तिच्या जिभेवर एकवीस वर्षं तयार होते. हजार पोरापोरींना तिनं ते वाटले होते, एकाही वेळी मनात नसताना. आज तोंड उघडलं तर शब्द येईना. पोरगं वाकलेलंच होतं, वाट बघत. शेवटी तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच उचलला.

बाप-लेक निघाले. ट्रंकेची एक कडी बापानं धरली, दुसरी पोरानं. बिराप्पाच्या गाड्यापाशी ते क्षणभर थांबले. केरबांनी पोराला काहीतरी विचारलं, पोरानं मान हलवली आणि दोघं स्टँडच्या रस्त्याला लागले.

“काय मिळवलंस?” आप्पासो म्हणाले.

ती टेबल आवरायला वळली तेव्हा तिला गाऊन दिसला. ती पुठ्ठ्याशी अडकलेली असताना केव्हातरी केरबांनी त्याची घडी घातली होती. बाह्या आत, कडेला कड, बोटानं दाबून चौकोनी, पलटणीतल्या गणवेशासारखी. वर पुठ्ठ्याची टोपी. टोपीशेजारी सहा चिमटे, एका रांगेत. इतक्या वर्षांत त्या गाऊनला कुणी घडी घातली नव्हती. तिनंसुद्धा नाही. तो कायम खिळ्यालाच असायचा.

दारात चपलांचा आवाज झाला. चार-पाच पोरी हसत, धापा टाकत आत शिरल्या. “काकू, आमचा ग्रुप फोटो! आणि मग एकेकीचा गाऊनमध्ये. लवकर हं, रूमची किल्ली द्यायचीय.”

“या, बसा,” आप्पासो म्हणाले आणि दिवे सरकवू लागले. “अगं, गाऊन आण.”

विजयमालेनं टोपी बाजूला ठेवली, चिमटे ओंजळीत घेतले. गाऊन दोन्ही हातांवर उचलला. वकिलांच्या उरल्यासुरल्या कापडाचा तो जुना डगला तिला आज जड वाटला.

“अहो काकू, आणता ना?”

“आणते,” ती म्हणाली. पण तिच्यानं ती घडी मोडवेना.